दूरवरून आलेली फेक

बेसबॉलच्या मैदानावर एका वेळी नऊ जण क्षेत्ररक्षण करत असतात. त्यांतले सहा जण खेळाच्या अगदी पोटात असतात: चेंडू टाकणारा पिचर, तो झेलणारा कॅचर आणि नव्वद-नव्वद फुटांच्या चौकटीवर पहारा देणारे चौघे. उरलेले तिघे दूर गवतात उभे असतात. एक लेफ्टला, एक सेंटरला, एक राइटला. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. अख्ख्या सामन्यात त्यांच्याकडे चार-सहा चेंडू येतील, कधी एकही येणार नाही. लहान मुलांच्या खेळात तर सगळ्यांत कमी काम असलेली जागा म्हणून राइट फिल्ड ओळखली जाते. आपण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कच्चं लिंबू सीमारेषेकडे पिटाळतो, तसं अमेरिकेतली पोरं आपलं कच्चं लिंबू राइट फिल्डला पाठवतात.

खेळ मोठ्यांचा झाला की हीच जागा उलटी होते. समजा, एक धावपटू चौकटीच्या पहिल्या कोपऱ्यावर, म्हणजे पहिल्या बेसवर, उभा आहे आणि बॅटरने चेंडू उजवीकडे मारला. धावपटू दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे झेपावतो, कारण राइट फिल्डपासून तिसरा बेस सगळ्यांत लांब असतो. चेंडू उचलायचा, वळायचं आणि अडीचशे फुटांच्या आसपासची फेक धावणाऱ्या माणसाच्या आधी पोहोचवायची. म्हणून व्यावसायिक संघ आपला सर्वांत ताकदवान हात राइट फिल्डला ठेवतात. तिथल्या माणसाला दिवसभर वाट पाहावी लागते, आणि वेळ आली की त्याचं मोल एकाच गोष्टीवर ठरतं: त्याने फेकलेलं योग्य जागी, योग्य वेळी पोहोचलं का?

हे पुस्तक अशा एका राइट फिल्डरच्या कारकिर्दीबद्दल आहे. रोबेर्तो क्लेमेंटे १९५५ ते १९७२ असे अठरा मोसम पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघासाठी खेळला. बेसबॉलच्या बाहेर त्याचं नाव घेतलं जातं ते बहुधा त्याच्या मृत्यूमुळे. मृत्यू तसा विलक्षण होताच. पण त्याचं आयुष्य शेवटाकडून मागे वाचलं की त्याचा संत होतो आणि खेळाडू पुसला जातो. मला ते आयुष्य पुढच्या दिशेने, एकेका मोसमाने वाचायचं आहे. आउटफिल्डर कसा घडतो, कुणाच्या हातून विकत घेतला जातो, कुठे झाकला जातो, काय शिकतो आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हे पाहत गेलं की शेवटची रात्रही जास्त नीट कळते, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात उसाच्या शेतात होते. १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिकोमधल्या कॅरोलिना गावाच्या सान अंतोन वस्तीत त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तो धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. मुकादम म्हटल्यावर मराठी वाचकाला उसाचा फड, कोयता, पहाटेची थंडी आणि हिशेबाची वही वेगळी समजावून सांगायला नको. पोर्तो रिको बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात होतं, तिथल्या लोकांना १९१७ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालं होतं. पण त्यांची भाषा स्पॅनिश होती, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ही माणसं परकीच ठरायची.

बेटावरच्या गरीब पोरांच्या बेसबॉलला साहित्याची गरज नव्हती. पेरूच्या फांदीची बॅट होई आणि पत्र्याच्या डब्याचा चेंडू. शाळेत क्लेमेंटे भालाफेकही करायचा. त्याच्या फेकीचं मूळ शोधणारे या भाल्याकडे बोट दाखवतात, आणि ते पटण्यासारखं आहे. भाला नुसत्या खांद्याने जात नाही. पाय, कंबर, पाठ, खांदा, मनगट अशी ताकद एकातून दुसऱ्यात चढत जावी लागते. पुढे पिट्सबर्गमध्ये तो चेंडू फेकायचा तेव्हा त्याचं सारं शरीर जमीन सोडायचं. छायाचित्रांत ती उडी दिसते, आणि तिच्यामागे भाला घेऊन धावणारा शाळकरी मुलगाही दिसतो.

त्याचा आदर्श होता माँटी अर्विन, हिवाळ्यात सान हुआन संघाकडून खेळणारा अमेरिकन कृष्णवर्णीय आउटफिल्डर. अमेरिकेतल्या सर्वोच्च, मेजर लीगने कृष्णवर्णीयांना दार बंद केलेलं होतं, पण कॅरिबियनच्या हिवाळी लीगमध्ये रंगाची भिंत नव्हती. अमेरिकेतले उत्तमोत्तम खेळाडू मोसम संपला की तिकडे जाऊन खेळत. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि ते दार पहिल्यांदा उघडलं. क्लेमेंटे तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. त्याच्या पिढीला त्या दारातून आत जाता येणार होतं, पण आत गेल्यावर घर आपलं होईल याची हमी कुणी दिलेली नव्हती.

१९५२ मध्ये पोर्तो रिकोच्या हिवाळी लीगमधल्या सांतुर्से संघाने त्याला आठवड्याला चाळीस डॉलरवर घेतलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने दहा हजार डॉलरचा बोनस देऊन करारबद्ध केलं. मिलवॉकी ब्रेव्ह्जने त्याहून बरीच मोठी रक्कम पुढे केली होती, पण डॉजर्सना शब्द दिलेला होता आणि त्या घरात शब्दाला किंमत होती. इथे व्यावसायिक बेसबॉलमधला एक नियम समजून घ्यावा लागतो, कारण त्याने क्लेमेंटेचं आयुष्य वळवलं. चार हजार डॉलरहून जास्त बोनस दिलेल्या नव्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागे. खालच्या लीगमध्ये पाठवलं तर मोसमानंतर दुसरा कोणताही संघ त्याला ठरावीक किमतीत उचलू शकत असे. डॉजर्सनी धोका पत्करून त्याला माँट्रिऑलच्या मायनर लीग संघात पाठवलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारं थंड शहर, आणि बाकावर बसून काढलेले दिवस. पूर्ण मोसमात त्याच्या वाट्याला दीडशेच्या आसपास बॅटिंगच्या संधी आल्या. इतरांच्या नजरेत भरू नये म्हणून आपल्याला झाकून ठेवलं आहे, ही बोच त्याच्या मनात राहिली.

झाकलेलं झाकलं गेलं नाही. पिट्सबर्गचा कारभार तेव्हा ब्रांच रिकी पाहत होते. रॉबिन्सनला डॉजर्समध्ये आणणारे हेच रिकी. त्यांचे जुने पारखी क्लाइड सुकफोर्थ माँट्रिऑलच्याच एका पिचरला पाहायला गेले होते. सरावात त्यांना राइट फिल्डमधून येणारी फेक दिसली, आणि पिचर बाजूला राहिला. पायरेट्स ओळीने तीन मोसम शंभराहून जास्त सामने हरले होते. तळाला असल्यामुळे पहिली निवड त्यांची होती. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी चार हजार डॉलरला क्लेमेंटेला उचललं. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या आपल्याला हे ओळखीचं वाटेल, पण एक मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये खेळाडू स्वतः नाव नोंदवून लिलावात उतरतो. क्लेमेंटेला कुणी विचारलंही नाही. कराराला जोडलेल्या राखीव कलमामुळे खेळाडू त्या संघाचा कायमचा होऊन जाई, संघ त्याला विकू शकत असे, पण तो स्वतः संघ सोडू शकत नसे. ज्या शहराबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, त्या पोलादाच्या आणि धुराच्या शहराचा तो एका दिवसात झाला आणि अखेरपर्यंत राहिला.

त्याच हिवाळ्यात सांतुर्सेच्या आउटफिल्डमध्ये त्याच्या शेजारी विली मेज उभा होता. नुकताच नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मेज आणि मेजर लीगचा एकही सामना न खेळलेला क्लेमेंटे. या संघाने १९५५ ची कॅरिबियन मालिका जिंकली. आउटफिल्डरचं खरं शिक्षण असं शेजाऱ्याकडून होतं. चेंडू बॅटला लागण्याआधीच पहिलं पाऊल कसं टाकायचं, कोणता झेल कुणाचा, हे पुस्तकात नसतं. चेंडू कमरेजवळ, हातमोज्याची ओंजळ करून झेलायची मेजची लकब क्लेमेंटेच्या खेळातही दिसायची. पण याच हिवाळ्यात एका मद्यपी चालकाच्या गाडीने त्याच्या गाडीला धडक दिली, आणि पाठीचं दुखणं जन्माचं मागे लागलं.

१७ एप्रिल १९५५ रोजी तो पायरेट्सकडून पहिला सामना खेळला, समोर डॉजर्सच होते. पुढची पाच वर्षं मला या कारकिर्दीतली सर्वांत कठीण वाटतात. तो कृष्णवर्णीय होता आणि स्पॅनिश बोलणाराही, म्हणजे दोन्ही बाजूंनी परका. फ्लोरिडात सरावाला गेल्यावर गोऱ्या सहकाऱ्यांसोबत त्याला खानावळीत बसता येत नसे. संघाची बस वाटेत थांबे, गोरे खेळाडू आत जेवत आणि कृष्णवर्णीय बसमध्ये बसून कुणी काही आणून देईल याची वाट पाहत. आम्हाला वेगळी गाडी द्या, ही मागणी त्याने लावून धरली आणि मिळवली. काही वार्ताहर त्याचं इंग्रजी जसं कानावर पडे तसं, मोडक्या स्पेलिंगमध्ये छापत. पाठ दुखते म्हणाला की दुखण्याचं सोंग करतो, असा बोभाटा होई. बॅटिंगला उभं राहण्याआधी तो मान दोन्ही बाजूंना फिरवून मोकळी करायचा. लोकांना ते नाटक वाटायचं, त्याच्यासाठी ती रोजची गरज होती.

आणि त्याचं नाव बदललं गेलं. खेळाडूंच्या छापील चित्रपत्त्यांवर, बातम्यांत, समालोचनात तो ‘बॉब’ झाला. स्पॅनिश रीतीप्रमाणे त्याचं पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंटे वॉकर, म्हणजे आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं. आपल्या नावात वडील आपल्यासोबत चालतात, तसे त्याच्या नावात आईवडील दोघेही चालत होते. रोमन लिपीत या नावाची अक्षरं एकवीस होतात, आणि त्याच्या पाठीवरचा २१ हा अंक तिथूनच आला असं सांगतात. बॉब म्हणणाऱ्यांना तो पुनःपुन्हा सांगत राहिला की माझं नाव रोबेर्तो आहे. हा हट्ट मानाचा होता. ज्याचं नावच नीट घेतलं जात नाही, त्याचं काम तरी नीट मोजलं जाईल का?

१९६० मध्ये पायरेट्सने बलाढ्य यँकीजला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. क्लेमेंटेने सातही सामन्यांत हिट मिळवली, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठला. तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला. हे त्याला फार लागलं. आपण चांगले आहोत हे ठाऊक असून लोकांना दिसत नाही, ही दूर उभ्या असलेल्या माणसाची व्यथा असते. त्याने तिचं उत्तर मैदानावर दिलं. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ या चार वर्षी तो लीगचा अव्वल बॅटर ठरला, १९६६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूही. बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन वेळा हिट मिळवणारा उत्तम समजला जातो, सात वेळचं अपयश पचवणं हा या धंद्याचाच भाग आहे. अठरा वर्षांअखेर त्याची सरासरी होती .३१७.

पण मला या पुस्तकात सर्वांत जास्त रेंगाळायचं आहे ते त्याच्या क्षेत्ररक्षणापाशी. त्याचं घर होतं फोर्ब्ज फील्ड. जुनं, वाकडंतिकडं मैदान. डाव्या-मधल्या कोपऱ्यात भिंत साडेचारशे फुटांहून दूर, तर उजव्या रेषेवर जेमतेम तीनशे फुटांवर आणि उंच. त्या भिंतीवर काँक्रीट कुठे, जाळी कुठे, कशावर आपटलेला चेंडू उसळेल आणि कशावर आपटलेला मरून खाली पडेल, हे त्याने चेंडूमागून चेंडू घेऊन पाठ केलं. पाठमोरं धावत जाऊन, भिंतीवरून परतणारा चेंडू उघड्या हाताने उचलून, न पाहता वळून केलेली फेक ज्यांनी पाहिली त्यांना ती जादू वाटे. ती पाठांतराची फळं होती. १९६१ पासून १९७२ पर्यंत ओळीने बारा वर्षं क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याला मिळाला. आउटफिल्डरांत या संख्येची बरोबरी मेजनेच केली आहे.

कारकिर्दीत त्याच्या फेकींनी २६६ धावपटू बाद करायला हातभार लावला. आकडा मोठा आहे, तरी अपुरा आहे. हात जसजसा प्रसिद्ध होतो तसतसे धावपटू धावायचं सोडतात. दुसऱ्या बेसवर थबकतात, राइट फिल्डकडे पाहतात आणि तिथेच थांबतात. ती न घेतलेली धाव त्या काळच्या कोणत्याच वहीत फेकणाऱ्याच्या नावे मांडली गेली नाही. म्हणजे आउटफिल्डर आपल्या कामात जितका श्रेष्ठ, तितकं त्याचं काम अदृश्य होत जातं. क्रिकेटमध्ये उत्तम क्षेत्ररक्षकाकडे चेंडू गेला की फलंदाज दुसरी धाव टाळतो, ते आपण पाहतोच. अशा न झालेल्या धावांची दखल घेता यावी म्हणूनही अशी चरित्रं लिहायची असतात.

प्रतिष्ठा आली तशी त्याने ती इतरांसाठी वापरली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यांचे अंत्यसंस्कार होईपर्यंत आम्ही मोसमाचा पहिला सामना खेळणार नाही, असं पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवलं. त्या निर्णयात क्लेमेंटे आघाडीवर होता. डिसेंबर १९६९ मध्ये सान हुआनला खेळाडू संघटनेची बैठक भरली. सेंट लुईसचा सेंटर फिल्डर कर्ट फ्लड याला न विचारता दुसऱ्या संघाला देण्यात आलं होतं आणि तो राखीव कलमाविरुद्ध न्यायालयात जाऊ पाहत होता. पायरेट्सचा प्रतिनिधी म्हणून क्लेमेंटे त्याच्या पाठीशी उभा राहिला. पंधरा वर्षांपूर्वी त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड हरला, पण काही वर्षांतच ते कलम मोडलं. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सने मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो खेळाडू घेऊन सामना सुरू केला. राइट फिल्डला अर्थातच तो होता.

त्याच वर्षीची वर्ल्ड सिरीज बाल्टिमोरविरुद्ध होती. क्लेमेंटे सदतीस वर्षांचा होता. पहिले दोन सामने पायरेट्स हरले. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात त्याने खोल उजव्या कोपऱ्यातून गर्रकन वळून तिसऱ्या बेसकडे एक फेक केली. धावपटू थोडक्यात वाचला, तरी ती फेक आजही सांगितली जाते. मालिका सात सामन्यांत पिट्सबर्गने जिंकली, सातही सामन्यांत पुन्हा त्याची हिट होती, सरासरी .४१४, आणि सर्वोत्तम खेळाडू तोच. विजयानंतर दूरचित्रवाणीचा माइक समोर आला तेव्हा इंग्रजीत काही बोलण्याआधी त्याने स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. त्याच्या इंग्रजीची टवाळी करणाऱ्या देशाला क्षणभर त्याची भाषा ऐकावी लागली. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने तीन हजारावी हिट मिळवली. तिथवर पोहोचणारा तो अकरावा खेळाडू होता. लीगच्या मोसमातली ती त्याची शेवटची हिट ठरली.

त्या वर्षाच्या अखेरीस तो पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून निकाराग्वात राहून आला होता. तिथे पाय गमावलेल्या एका मुलाला कृत्रिम पाय मिळावेत म्हणून त्याने खटपटही केली होती. २३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात कोसळली. क्लेमेंटेने सान हुआनमध्ये मदत गोळा करायला सुरुवात केली. नाताळचे दिवस, तरी तो दिवसरात्र पैसे, औषधं आणि अन्न जमवत होता. विमानं रवाना झाली. मग निरोप येऊ लागले की सामान भूकंपग्रस्तांना मिळत नाही, तिथला हुकूमशहा सोमोसा याच्या राजवटीतले सैनिक ते मधेच गिळंकृत करतात. क्लेमेंटेने ठरवलं की पुढच्या विमानात आपण स्वतः बसायचं. ३१ डिसेंबरच्या रात्री एक जुनं डीसी-७ विमान, क्षमतेपेक्षा जास्त भार घेऊन, सान हुआनहून उडालं आणि काही क्षणांत समुद्रात कोसळलं. आतले पाचही जण गेले. क्लेमेंटेचं शव मिळालं नाही. पायरेट्सचा कॅचर मॅनी सँगिएन श्रद्धांजली सभेला गेला नाही. पाणबुड्यांबरोबर तो समुद्रात मित्राला शोधत होता.

या रात्रीला लोक त्याग म्हणतात, आणि तो त्याग होताच. पण मला त्यात त्याच्या व्यवसायाची शिस्त दिसते. लांबून पाठवलेली वस्तू नेमक्या हातात पोहोचली नाही, तर पाठवण्याला अर्थ उरत नाही. हे त्याला अठरा वर्षांच्या कामाने शिकवलं होतं. मधल्या माणसाच्या हातून चेंडू सुटत होता, म्हणून तो स्वतः चेंडूबरोबर निघाला.

खेळाडूने निवृत्त झाल्यावर पाच वर्षं थांबावं, मगच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी विचार व्हावा, असा नियम आहे. त्याच्यासाठी तो बाजूला ठेवला गेला. मार्च १९७३ मध्ये ४२४ पैकी ३९३ मतं मिळाली आणि लॅटिन अमेरिकेतला पहिला खेळाडू हॉल ऑफ फेमच्या, कूपर्सटाउनमधल्या भिंतीवर आला. तिथल्या कांस्य फलकावर मात्र नाव चुकलं होतं. आईचं आडनाव मधे घालून अमेरिकन धाटणीने ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंटे’ असं कोरलं गेलं. ते दुरुस्त व्हायला २००० साल उजाडावं लागलं.

मराठीत क्रिकेटपटूंची चरित्रं आहेत, बेसबॉलपटूचं का, असा प्रश्न वाचकाला पडेल. मला वाटतं, हा खेळ ठाऊक नसणाऱ्यालाही क्लेमेंटे कळू शकतो. उसाच्या मळ्यातून निघालेला मुलगा, परक्या भाषेत केलेली कमाई, स्वतःच्या नावाचा आग्रह, दुखऱ्या पाठीने अठरा वर्षं न सोडलेली जागा. पुढची प्रकरणं मोसमांच्या क्रमाने जातात. खेळाचे नियम लागतील तिथे, लागतील तेवढेच सांगितले आहेत. वाचकाने सोबत एक चित्र मात्र ठेवावं. पिट्सबर्गमध्ये २००१ साली उघडलेल्या नव्या मैदानात राइट फिल्डमागची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. त्या जागी जो कुणी खेळायला येतो, घरचा असो वा पाहुणा, तो सामनाभर त्या भिंतीकडे पाठ करून उभा राहतो आणि दूरवरच्या बॅटकडे पाहत आपल्या चेंडूची वाट बघतो.